फेरफार कोणी नोंदवायचा?

पृथ्वीच्या गोलावरून मोजलं तर मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को अंतर साधारण साडेतेरा हजार किलोमीटर भरतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी नाकासमोर सरळ टाकली असती, तरी इथून निघालेला निरोप तिथे पोचून उत्तर परत यायला १३५ मिलिसेकंद लागलेच असते. प्रत्यक्षात केबल समुद्रतळावरून वळसे घेत, मधल्या देशांतल्या यंत्रांमधून जाते आणि हा फेरा दोनशे-अडीचशे मिलिसेकंदांवर जातो. पाव सेकंद. फोनवर बोलताना एवढा उशीर कोणी मनावर घेत नाही. पण संगणकांच्या गप्पा फार तुटक असतात. एका फाइलमागे चार वेळा ‘देतोस का, घे, मिळाली, पुढची’ अशी ये-जा होत असेल आणि फाइली पाच हजार असतील, तर नुसती वाट पाहण्यातच सव्वा तासाच्या वर जातो. लाइन कितीही महागातली घेतली तरी यातलं एक मिनिटही वाचत नाही. क्षमता विकत मिळते, अंतर कमी करून मिळत नाही.

पुण्यात हिंजवडीत किंवा खराडीत बसून अमेरिकेतल्या सर्व्हरवर काम केलेल्यांना हे गणित समजावून सांगावं लागत नाही. आल्या आल्या ‘अपडेट’ लावायचं आणि चहाला जायचं, ही सवय कित्येकांना त्यातूनच लागली.

हा सर्व्हर म्हणजे व्हर्जन कंट्रोलचा सर्व्हर. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येक संघाकडे बदलांची एक नोंद असते. कोणती ओळ कोणी, केव्हा आणि कशासाठी बदलली, त्याआधी ती काय होती, हे सगळं तिच्यात राहतं. ही नोंद ज्या साठ्यात असते त्याला रिपॉझिटरी, बोलताना नुसतं ‘रेपो’ म्हणतात. १९७२ साली बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस नावाची अशी पहिली नामांकित प्रणाली लिहिली, तेव्हा सगळे एकाच यंत्रावर काम करत. अंतराचा प्रश्नच नव्हता. वेळा जुळत नाहीत ही अडचण मात्र लवकर आली. ॲमस्टरडॅमचे डिक ग्रून आपल्या दोन विद्यार्थ्यांसोबत एक कंपायलर लिहीत होते. तिघांच्या कामाच्या वेळा जुळेनात, म्हणून १९८६ मध्ये त्यांनी काही छोट्या आज्ञावल्या लिहून जगासमोर ठेवल्या. त्यांतूनच पुढे सीव्हीएस उभं राहिलं आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाने ते कितीतरी वर्षं वापरलं. एका गावातल्या तिघांना जे जमेना, ते पुढे तीन खंडांतल्या तीनशे लोकांकडून अपेक्षिलं जाऊ लागलं.

भारताचा यात प्रवेश झाला तो उपग्रहाच्या वाटेने. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ साली बंगळूरला विकास केंद्र उघडलं आणि मुख्यालयाशी जोडणी उपग्रहामार्फत घेतली. भूस्थिर उपग्रह जमिनीपासून सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंच असतो, त्यामुळे तिथून एक प्रश्न-उत्तर पुरं व्हायला अर्धा सेकंद लागतो. नंतर समुद्री केबली आल्या, वेग वाढला, पण त्या तुटतातही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या केबली तुटल्या आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय वाहतुकीची पुढचे काही दिवस दैना उडाली. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाहजवळ पुन्हा तसंच झालं. सगळा कोड दूरच्या एकाच सर्व्हरवर असेल, तर अशा दिवशी पुण्यातल्या दोनशे लोकांना हातावर हात ठेवून बसण्यावाचून गत्यंतर नसतं.

उपाय सरळ दिसतो: तिथल्या सर्व्हरची एक प्रत इथे ठेवा. रेप्लिका, मिरर, काहीही म्हणा. पण खरी पंचाईत इथूनच सुरू होते.

आपल्याकडच्या सातबाऱ्याचं उदाहरण घेऊ. उतारा कोणालाही, कुठूनही काढता येतो. हजार प्रती निघाल्या तरी जमिनीचा मालक बदलत नाही. मालक बदलतो तो फेरफाराने, आणि तो तलाठ्याने गाव नमुना सहामध्ये लिहायचा आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायचा असतो. दोन कचेऱ्यांनी एकाच गटाचे दोन वेगळे फेरफार मंजूर केले, तर पुढचं सगळं कोर्टात. कोडच्या सर्व्हरचं हेच आहे. वाचायला प्रती हव्या तेवढ्या काढा, कोणाचं काही बिघडत नाही. लिहायची वेळ आली की प्रश्न उभा राहतो: फेरफार कोणी नोंदवायचा? गेल्या तीसेक वर्षांत निघालेले उपाय म्हणजे या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरं आहेत.

सगळ्यात भिडस्त उत्तर म्हणजे लिहिण्याला हातच लावायचा नाही. दूरच्या कचेरीत फक्त एक प्रॉक्सी ठेवायची. पहिल्या माणसाने एखादी फाइल मागितली की ती अमेरिकेतून आणायची आणि जवळ ठेवून द्यायची, दुसऱ्याने मागितली की जवळचीच द्यायची. नोंदी सगळ्या मुख्य सर्व्हरवरच. परफोर्स ही प्रणाली गेम स्टुडिओंमध्ये फार चालते, कारण तिथे कोडपेक्षा चित्रं, ध्वनी, त्रिमिती आकृत्या यांचंच वजन जास्त. तिची प्रॉक्सी नेमकं एवढंच करते. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोजचा सगळा कोड गिट या प्रणालीवर नेला (तिच्याबद्दल पुढे येईलच). त्या रेपोत सुमारे ३५ लाख फाइली होत्या, आकार ३०० जीबीच्या आसपास आणि काम करणारे इंजिनिअर चार हजार. मुख्य कचेरीपासून दूर बसणाऱ्यांसाठी त्यांनाही जवळच्या ठिकाणी साठा करणारे असे सर्व्हर उभे करावे लागले. माझ्या मते बहुतेक कंपन्यांचं ऐंशी टक्के दुखणं एवढ्यावरच बरं होतं, पण प्रॉक्सीत मिरवण्यासारखं काही नसल्यामुळे बैठकांमध्ये तिचं नाव शेवटी निघतं.

पुढची पायरी म्हणजे संपूर्ण, पण फक्त वाचण्यापुरती प्रत. सबव्हर्जन या दुसऱ्या प्रणालीत २००६ साली आलेल्या १.४ आवृत्तीपासून एसव्हीएनसिंक नावाचं साधन मिळतं. सबव्हर्जनमध्ये प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या बदलाला, चढता क्रमांक असतो. हे साधन मूळ सर्व्हरवरचे कमिट त्याच क्रमाने एकेक करून प्रतीवर पुन्हा वाजवतं. २००८ च्या १.५ आवृत्तीत त्यावर एक सोय आली. पुण्यातल्या माणसाने सगळे व्यवहार पुण्यातल्याच सर्व्हरशी करायचे. वाचणं असेल तर तो स्वतः उत्तर देतो आणि लिहिणं असेल तर विनंती गुपचूप मुख्य सर्व्हरकडे पुढे ढकलतो. वापरणाऱ्याला पत्ता लागत नाही.

म्हणजे लागू नये अशी अपेक्षा. प्रत्यक्षात काय होतं ते जवळून पाहू. समजा, पुण्यातल्या एका मुलीने दुपारी कमिट केलं. ते कॅलिफोर्नियात गेलं, तिथे नोंदलं गेलं, क्रमांक मिळाला ४८२१७, आणि ‘झालं’ असा निरोप परत आला. तिने लगेच अपडेट केलं. ही विनंती वाचण्याची, म्हणून उत्तर पुण्याच्या प्रतीने दिलं. पण ४८२१७ क्रमांकाचा कमिट अजून या प्रतीपर्यंत आलेलाच नाही, तो वाटेत आहे. तिला दिसतं ४८२१६. आत्ता तर टाकलं होतं, कुठे गेलं? बहुतेक वेळा ही फट दोन-चार सेकंदांची असते आणि माणूस खांदे उडवून पुढे जातो. पण तिथे माणसाऐवजी आपोआप बिल्ड करणारं यंत्र असेल, तर ते खांदे उडवत नाही. ते जुना कोड उचलतं, त्यावर चाचण्या चालवतं आणि ‘सगळं हिरवं’ म्हणून कळवतं. प्रत मागे किती आहे यावर सतत नजर ठेवणं, हे अशा व्यवस्थेतलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं काम.

अधिकार एकाकडेच ठेवायचा, पण त्याची वाटणी करायची, हे तिसरं उत्तर. नव्वदच्या दशकात ॲट्रिया कंपनीच्या क्लिअरकेसने मल्टिसाइट नावाने ते बाजारात आणलं. पुढे हे उत्पादन रॅशनलकडे आणि २००३ मध्ये आयबीएमकडे गेलं. बँका, टेलिकॉम आणि संरक्षणाच्या कामांमुळे पुण्या-बंगळूरच्या पुष्कळ लोकांना ते सक्तीने शिकावं लागलं. त्यात प्रत्येक ठिकाणी पूर्ण प्रत असते आणि प्रत्येक ठिकाणी लिहिताही येतं. अट एकच: एका ब्रँचची, म्हणजे कोडच्या एका समांतर शाखेची, ‘मास्टरशिप’ एका वेळी एकाच ठिकाणाकडे. पुण्याची ब्रँच पुण्याने लिहायची, बोस्टनची बोस्टनने. एकमेकांच्या ब्रँच दिसतात, पण त्यात लिहिता येत नाही. मुख्य ब्रँचमध्ये काही घालायचं तर तिची मास्टरशिप मागून घ्यायची किंवा तिकडच्या माणसाला मर्ज करायला, म्हणजे आपले बदल तिच्यात मिसळायला, सांगायचं.

हे सर्व्हर सतत जोडलेले असावेत अशी अपेक्षाही नव्हती. प्रत्येक प्रत आपल्याकडे झालेल्या प्रत्येक कृतीची यादी ठेवी आणि दुसऱ्या ठिकाणच्या किती कृती आपल्यापर्यंत पोचल्या याचा आकडा जवळ बाळगी. ठरावीक वेळाने राहिलेल्या कृतींचा एक गठ्ठा बांधून पाठवला जाई. नेटवर्क नसेल तर तो टेपवर भरून कुरिअरने पाठवण्याचीही सोय होती. एखादा गठ्ठा हरवला, तर आकडे जुळत नाहीत हे कळे आणि तो पुन्हा मागवला जाई. आज हे ऐकून हसू येतं, पण केबल तुटण्याच्या दिवसांत या रचनेचा बांधा किती पक्का होता ते लक्षात येतं. त्रास होई तो माणसांना. संध्याकाळी सहाला पुण्यातून मास्टरशिपची विनंती टाकायची आणि तिकडचा ॲडमिन सुटीवर असेल तर दोन दिवस थांबायचं. घड्याळांतल्या फरकामुळे जे काम अखंड चालेल असं कंपन्या सांगत, ते घड्याळांच्या फरकामुळेच अडकून पडे.

परफोर्सने २०१३ मध्ये याच दिशेने, पण सौम्य पाऊल टाकलं. दूरच्या ठिकाणी ‘एज सर्व्हर’ आणि मध्यभागी एक ‘कमिट सर्व्हर’. कोणाच्या संगणकावर कोणती फाइल कुठल्या आवृत्तीची आहे, यासारखी रोजची भारंभार नोंद एज सर्व्हर स्वतःकडेच ठेवतो आणि फक्त शेवटची सादर करण्याची पायरी मध्यवर्ती सर्व्हरकडे जाते. ज्या फाइली मर्जच करता येत नाहीत, उदाहरणार्थ चित्रं, त्यांना एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून कुलूप घालतात. ते कुलूप सगळ्या ठिकाणांना मान्य व्हावं लागतं, म्हणून तेवढ्यासाठी केंद्राला विचारण्यावाचून सुटका नाही.

चौथं उत्तर सगळ्यात बुद्धिमान आणि माझ्या मते सगळ्यात जास्त भुलवणारं. अधिकार कोणा एकाकडे ठेवायचाच नाही, सगळ्यांनी मिळून प्रत्येक नोंदीचा क्रम ठरवायचा. याचा गणिती पाया लेस्ली लॅम्पोर्ट यांनी घातला. पॅक्सोस नावाच्या ग्रीक बेटावरच्या एका काल्पनिक संसदेची गोष्ट रचून त्यांनी तो मांडला. सभासद मधूनच उठून जातात, निरोप उशिरा पोचतात किंवा पोचतच नाहीत, तरी संसदेच्या वहीत दोन परस्परविरोधी ठराव कधी येऊ नयेत, हे कसं साधायचं? लेख १९९० मध्ये पाठवला आणि छापून आला १९९८ मध्ये. लॅम्पोर्ट यांचा विनोद परीक्षकांच्या पचनी पडला नव्हता. तत्त्व मात्र थोडक्यात सांगता येतं: बहुमताची संमती मिळाल्याशिवाय नोंद पक्की नाही. तीन सर्व्हर असतील तर दोघांची, पाच असतील तर तिघांची. कोणतीही दोन बहुमतं घेतली तरी त्यांत निदान एक सभासद सामाईक असतोच, आणि तो दोन विसंगत ठरावांना हो म्हणणार नाही. सगळं या एका साध्या गोष्टीवर उभं आहे.

वॅनडिस्को नावाच्या कंपनीने याच कल्पनेवर सबव्हर्जनचे, नंतर गिटचे, असे सर्व्हर विकले की ज्यांत कोणीच मुख्य नाही. गूगलचा पायपर याच जातीचा, फक्त महाकाय. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच लेखानुसार, पायपर जगभरातल्या दहा डेटा सेंटरांत पसरलेला होता, प्रतींची सुसंगती पॅक्सोसवर सोपवलेली होती आणि जानेवारी २०१५ मध्ये त्यात ८६ टेराबाइट साठा व दोनशे कोटी ओळींचा कोड होता. पण बहुमत घ्यायचं म्हणजे दूरच्या कोणाला तरी विचारावंच लागतं. प्रत्येक नोंदीला समुद्रापारचा निदान एक फेरा आलाच. प्रकाशाचा वेग पॅक्सोसलाही चुकवता येत नाही. आणि जोडणी तुटली की बहुमतात नसलेल्या ठिकाणाला लिहिणं थांबवावं लागतं. एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलेला आणि २००२ मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी सिद्ध केलेला सिद्धांत हेच सांगतो: जाळं दुभंगलं की ‘सगळीकडे एकच सत्य’ आणि ‘सगळीकडे काम सुरू’ यांतलं एकच निवडता येतं.

इथे कोणीही तरुण वाचक हात वर करून म्हणेल, हे सगळं गिट येण्याआधीचं पुराण. आता प्रत्येकाच्या लॅपटॉपवर संपूर्ण इतिहास असतो, मग सर्व्हरच्या प्रतींची उठाठेव कशाला?

बिटकीपर या खासगी प्रणालीची फुकट मिळणारी परवानगी काढून घेतली गेली, तेव्हा एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्ससाठी गिट लिहायला घेतलं. गिटमधली खरी चमक साठवणुकीत आहे. प्रत्येक फाइलच्या, प्रत्येक कमिटच्या मजकुरावरून गणित करून ४० अक्षरांची एक खूण निघते आणि तीच त्या गोष्टीचं नाव. मजकूर एका अक्षराने बदलला की नाव बदललं. म्हणून एकदा लिहिलेली गोष्ट कधीच बदलत नाही. दोन सर्व्हरांवर एकाच नावाची गोष्ट असेल तर ती तीच, हे तपासायला आणखी काही विचारावं लागत नाही. अशा गोष्टींच्या प्रती कोणत्याही क्रमाने, कोणत्याही वाटेने, कितीही वेळा काढा, घोटाळा होत नाही. ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्सचा कोड ठेवणाऱ्या कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं उघड झालं, तेव्हा लिनक्सच्या कोडबद्दल जाणकार तुलनेने निश्चिंत होते ते यामुळेच. इतिहासात कोणी गुपचूप काही घुसडलं असतं, तर जगभरच्या हजारो प्रतींशी खुणा जुळल्या नसत्या.

पण त्या सगळ्या न बदलणाऱ्या डोंगराच्या टोकाला एक बदलणारी गोष्ट उरतेच. ‘मेन’ ही ब्रँच सध्या कोणत्या कमिटवर आहे, हे सांगणारी छोटीशी फाइल. तिच्या साध्या रूपात तिच्यात ४० अक्षरं आणि एक ओळ संपल्याची खूण असते. एकंदर ४१ बाइट. तीनशे जीबीच्या रेपोची प्रत काढणं हे नुसतं वेळखाऊ काम आहे. खरं भांडण या ४१ बाइटांवर. दोघांनी एकाच वेळी पुश केलं, म्हणजे आपापले कमिट सर्व्हरकडे पाठवले, तर पहिल्याचा मान राहतो आणि दुसऱ्याला ‘रिजेक्टेड’ वाचावं लागतं. पहिला कोण, हे सांगायला एकच न्यायाधीश हवा. दोन सर्व्हरांनी आपापल्या दारात दोघांनाही ‘ये’ म्हटलं, तर दोन ‘मेन’ तयार होतात आणि त्यांतला खरा कोणता हे कोणतंच गणित सांगत नाही. म्हणून गिटचे रेपो सांभाळणाऱ्या सर्व्हर-प्रणालींमध्येही गेरिट आपल्या प्रती एकामागून एक भरत बसतो, गिटलॅबचा ‘जिओ’ दूरच्या ठिकाणी वाचण्यापुरता सर्व्हर देतो आणि आलेला पुश मुख्य सर्व्हरकडे ढकलतो, आणि गिटहब प्रत्येक रेपो निदान तीन यंत्रांवर ठेवून प्रत्येक पुश त्यांना आपसांत जुळवून करायला लावतं. फेरफार कोणी नोंदवायचा, हा प्रश्न गिटने सोडवला नाही. ४१ बाइटांत मावेल इतका लहान केला, हे श्रेय मात्र त्याचं.

तो लहान झाला तरी किती महाग पडू शकतो, हे २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबला कळलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नेटवर्कमधलं एक खराब होत चाललेलं प्रकाशीय उपकरण बदलायचं नेहमीचं काम चाललं होतं. त्यात जोडणी तुटली आणि ४३ सेकंदांत परतही आली. आपल्याकडे तेव्हा २२ तारखेच्या पहाटेचे चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. पण तेवढ्या ४३ सेकंदांत, मुख्य डेटाबेस गेला असं समजून बहुमताने नेता निवडणाऱ्या यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रतींना मुख्य केलं. नियमाप्रमाणेच केलं. फक्त पूर्वेला तुटण्याच्या आधी काही सेकंद झालेल्या नोंदी पश्चिमेला पोचलेल्या नव्हत्या आणि आता पश्चिमेला नव्या नोंदी होऊ लागल्या. दोन्हीकडे असं काहीतरी होतं जे दुसरीकडे नव्हतं. एकाच गटाचे दोन फेरफार. त्यात पूर्वेकडच्या सॉफ्टवेअरला पश्चिमेच्या डेटाबेसपर्यंतचा देशभराचा फेरा झेपेना, त्यामुळे सगळंच मंदावलं.

गिटहबच्या लोकांनी तेव्हा जो निर्णय घेतला तो मला आवडतो. त्यांनी ठरवलं की साइट रखडली तरी चालेल, एकही नोंद हरवता कामा नये. टेराबाइटांचे बॅकअप दूरून आणून भरायला तास लागले. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं गेली. सगळ्यात गजबजलेल्या डेटाबेसांपैकी एकात, त्या फटीत अडकलेल्या नोंदी होत्या फक्त ९५४, आणि त्या पुढे तपासाव्या लागल्या. रेपोंमधला कोड शाबूत होता. बिघडलं होतं ते भोवतालचं: तक्रारी, चर्चा, पुल रिक्वेस्ट, म्हणजे ज्या गोष्टी गिटच्या त्या सुंदर रचनेत राहतच नाहीत.

प्रतीच्या बाबतीत आणखी एक गैरसमज इतका घट्ट आहे की तो मोडायला केडीईची गोष्टच सांगावी लागते. केडीई हा लिनक्सवरचा मोठा, जुना मुक्त प्रकल्प. २०१३ मध्ये त्यांचे दीड हजारांच्या आसपास रेपो एका मुख्य सर्व्हरवर होते आणि जगात ठिकठिकाणी त्याचे मिरर. मार्चमध्ये सुरक्षेच्या दुरुस्तीसाठी मुख्य यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, तेव्हा त्याची फाइल सिस्टिम बिघडलेली निघाली. काही हरकत नाही, मिरर आहेतच की! पण मिररना शिकवलेलं एकच होतं: मुख्य सर्व्हर सांगेल ते खरं. मुख्य सर्व्हरवरची रेपोंची यादी नासली, ती नासकी यादी मिररनी इमानाने वाचली आणि यादीत नसलेले रेपो आपल्याकडूनही पुसायला घेतले. बिघाडाचीही प्रत निघाली, तीही वेळेवर. बचाव झाला तो एका वेगळ्या यंत्रावर योगायोगाने चांगली प्रत शिल्लक राहिली होती म्हणून. त्या लोकांनी हे सगळं लपवून न ठेवता सविस्तर लिहिलं, म्हणून आपल्याला ठाऊक आहे.

जानेवारी २०१७ च्या अखेरच्या दिवशी गिटलॅबमध्ये दुसऱ्या टोकाची गोष्ट घडली. डेटाबेसची प्रत मागे पडली होती. ती नव्याने भरावी म्हणून एका थकलेल्या इंजिनिअरने तिचा साठा पुसायची आज्ञा दिली, आणि ती आज्ञा प्रतीऐवजी मुख्य यंत्रावर चालली. सुमारे ३०० जीबींपैकी हात आवरेपर्यंत साडेचार जीबी उरले. रोजचे बॅकअप घ्यायची व्यवस्था होती, पण साधनाची आवृत्ती जुळत नसल्याने ती कधीपासून निकामी झाली होती, आणि ती निकामी झाल्याचे ईमेल पलीकडचा मेल सर्व्हर नाकारत होता. शेवटी, सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत कामी आली. मधल्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या. दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं, आणि हजारो लोक ते क्रिकेटचा सामना पाहावा तसे पाहत बसले.

प्रत ही वर्तमानाची असते, बॅकअप भूतकाळाचा. चुकीची आज्ञा प्रतीपर्यंत पोचायला पाव सेकंद लागतो, आणि तेवढ्यात कोणी ‘अरेरे’ही म्हणत नाही.

आता कामाचं. वीस-पंचवीस माणसांचा, दोन गावांत वाटलेला संघ असेल, तर यातलं काहीही करू नका. गिटचा एक चांगला सर्व्हर पुरे, तो कुठेही असू दे. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर कोडचा इतिहास असतोच. राहता राहतात तक्रारी आणि चर्चा, त्यांचा रोजचा बॅकअप वेगळ्या ठिकाणी घ्या आणि महिन्यातून एकदा तो रिकाम्या यंत्रावर उभा करून बघा. दूरच्या कचेरीत बिल्ड करणारी यंत्रं पन्नासच्या वर गेली आणि तीच लाइन खाऊन टाकू लागली, तर वाचण्यापुरता मिरर ठेवा आणि तो किती मागे आहे हे भिंतीवरच्या पडद्यावर दाखवा. अनेक ठिकाणी लिहिता येणारी व्यवस्था मात्र कोणी कितीही गोड बोलून विकायला आलं, तरी आधी एक प्रश्न विचारा: जोडणी तुटली की कोणाचं लिहिणं थांबेल? ‘कोणाचंच नाही’ असं उत्तर आलं, तर चहा पाजून वाटेला लावा.

आणि मुख्य सर्व्हर उद्या गेला तर लिहिण्याचा अधिकार कोणत्या प्रतीकडे द्यायचा, तो कोणी द्यायचा, जुना सर्व्हर परत आला तर त्याला गप्प कसं बसवायचं, हे आजच चार ओळींत लिहून काढा. फक्त तो कागद त्याच सर्व्हरवर ठेवू नका.